कडी

काशेवाडीत पिठाच्या गिरणीवर आमचा हॉल.
खाली ज्वारी दळायला आली की वर फरशी थरथरते,
डब्यातले खडू सरकत सरकत एका कडेला जमतात.
चारला चित्रकला, साडेपाचला नाटक,
शनिवारी मोठ्यांचा वर्ग,
म्हणजे कुंदाचा, भास्करचा,
आणि एकदा हसला की थांबत नाही त्या इलियासचा.

मी पोस्टातून रिटायर झालेली.
मला ना चित्र येतं, ना ताल.
मी रजिस्टर लिहिते, किल्ल्या सांभाळते,
आणि मोरीशेजारच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीला,
माझं नाव चिकटवलंय, फोटोसकट.
खाली लिहिलंय : काही खुपत असेल तर हिला सांगा.
फोटोला कुणीतरी मिशा काढल्यात. राहू दिल्या.
मिशीवाल्या बाईला सांगणं सोपं जात असेल.

जूनमध्ये सामानाच्या खोलीची आतली कडी काढली.
स्क्रू गंजलेले. टिंबर मार्केटातून सुतार बोलावला.
वीस मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत त्यानं,
विचारलं मात्र,
"कडी बसवायला बोलावतात, बाई. काढायला कोण बोलावतं?"

मिरीकर सरांनी दाराकडे पाहिलं.
चोवीस वर्षं तबला शिकवलेला माणूस.
याच खोलीत, एकेकाला, दार लावून,
कारण बाहेर गिरणी आणि तालाला शांतता लागते.
"माझ्यावर संशय?"
मी म्हटलं, नाही सर, कडीवर.
ते जिना उतरून गेले.
डग्गा अजून इथंच आहे, फडकं घालून ठेवलाय.
त्यांनी काही केलं होतं का, मला माहीत नाही.
काही केलं नव्हतं, हेही मला माहीत नाही.
या दोन वाक्यांच्या मध्ये मी रात्री कूस बदलते.

कुंदा त्रेचाळीस वर्षांची.
येईल तो पाहुणा तिचा गाल ओढतो,
जणू कुणाचं तान्हं बाळ.
परवा देणगीदार आले, मोबाइल काढला,
फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात टाकला.
कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे.
म्हणाली, "विचार."
एवढंच.
त्यांना वाटलं, विचार करा म्हणतेय.
खरंच विचारात पडले बिचारे.
चेक थोडा कमीचा आला.

आणि शुद्धोदन. नऊ वर्षांचा.
सामानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून माणसं काढतो,
त्यांना हात काढत नाही.
मी विचारलं नाही. आपले शब्द
त्याच्या तोंडात घालायचे नसतात, ट्रेनिंगला सांगितलंय.
शेजारी बसून पेन्सिलींना टोक करत राहिले.
सात पेन्सिली झाल्या.
आठवीला तो म्हणाला,
"एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?"

चौतीस वर्षं मी बंद पाकिटं हाताळली.
एकही उजेडाला धरून पाहिलं नाही.
दुसऱ्याचं गुपित राखायचं
याचाच पगार घेतला, याचीच पेन्शन खाते.
जिभेवर आलंच होतं, नाही रे सांगणार, शप्पथ.

"सांगेन," मी म्हटलं.
"पण कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन."

तो गप्प झाला.
खाली गिरणीही थांबली, लाइट गेली असावी.
मला वाटलं, गेलं हातातून.
इतकी वर्षं सगळे खोटं बोलतात ते उगाच नाही.

त्यानं आठवी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.
दाराला कडीच्या जागी चार भोकं उरलीत,
त्यातल्या एकात टोक घालून
फिरवत राहिला, लाकडाचा भुगा
उंबऱ्यावर पडत राहिला.
मग दाराकडे तोंड करूनच बोलायला लागला,
पहिल्यापासून नाही,
मधूनच कुठूनतरी.

मी घड्याळ पाहून ठेवलं. पाच वाजून दहा.
नंतर लिहायचं होतं, त्याच्याच शब्दांत,
चुकलेल्या व्याकरणासकट,
माझा एकही शब्द न मिसळता.